जुन्या गोष्टी आणि यमकांची चित्रपुस्तके

चिमणी-कावळ्याची गोष्ट ऐकली नाही असे मूल तलमडुगूच्या पंचक्रोशीत शोधू गेल्यास सापडणे कठीण. कावळ्याने घर बांधले ते शेणाने आणि चिमणीने मेणाने. पाऊस आला, शेण वाहून गेले, भिजलेला कावळा चिमणीच्या दारी आला आणि चिमणी घरकामाच्या एकेक सबबी सांगून त्यास बाहेर तिष्ठत ठेवू लागली. एवढी कथा सर्वांस मुखोद्गत असते. परंतु आम्ही वाचकांस एक साधा प्रश्न विचारतो. चिमणीने घरासाठी मेणच का निवडले? गवत, काड्या, कापूस ही तिची खरी सामग्री, आणि आमच्या भागात कापसाला तर मुळीच तोटा नाही. मेण हे मधमाशांचे धन. चिमणीचा त्याच्याशी संबंध काय?

उत्तर सोपे आहे. 'शेण' या शब्दाशी 'मेण' जुळते म्हणून. ते घर चिमणीने बांधलेच नाही. गोष्ट सांगणाऱ्या कुणा आजीच्या कानाने ते बांधले. यमक आधी आले आणि त्याच्या मागोमाग वस्तू आली.

हे लक्षात घेतले म्हणजे ज्या प्रकारच्या पुस्तकांविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे, त्यांचे मर्म ध्यानात येईल. जुनी, सर्वांस ठाऊक असलेली कथा घ्यावयाची, तिला नवे वळण द्यावयाचे, ती यमकबद्ध ओळींत सांगावयाची आणि प्रत्येक पृष्ठावर चित्र काढावयाचे, अशी ही पुस्तके असतात. ती लहान मुलांसाठी असल्यामुळे लिहिण्यास सोपी असतील असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. मात्र ती नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरची आहेत असेही नाही. आणि ती कशी रचावीत हे थोडे विस्ताराने सांगण्याचा आमचा हेतू आहे.

ठाऊक असलेली कथा पुन्हा सांगणे यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आपल्या मोरोपंतांचेच (१७२९–१७९४) उदाहरण पाहा. एकट्या रामकथेवर त्यांनी १०८ रामायणे रचली अशी त्यांची ख्याती आहे. कथा तीच, पण दरवेळी कवीने स्वतःस नवा नियम घालून घेतला. त्यांच्या 'निरोष्ठ रामायणा'त ओठांस ओठ लावून उच्चारावी लागणारी अक्षरे वर्ज्य आहेत. म्हणजे प, फ, ब, भ आणि म गेले. आता गंमत अशी की 'म' गेला म्हणजे 'राम' हे नावही गेले! ज्याची कथा सांगावयाची त्याचे नावच घेता येत नाही, अशा अडचणीत कवीने स्वतःस मुद्दाम घातले. नियमाने कवीची वाट अडते आणि अडलेली वाट सोडून त्यास दुसरी शोधावी लागते. नवीन कल्पना बहुधा त्या दुसऱ्या वाटेवरच भेटते.

चित्रे दाखवीत पद्यातून कथा सांगण्याचा प्रकारही आपणांकडे परका नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजातील कलावंत पिढ्यान् पिढ्या 'चित्रकथी' सादर करीत आले. कागदावर रंगविलेली चित्रे पाठीस पाठ लावून चिकटविलेली असतात, आणि एका आख्यानाच्या अशा चित्रांच्या संचास ते 'पोथी' म्हणतात. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो, वाद्याच्या साथीवर त्या प्रसंगाचे गायन व निवेदन करतो आणि मग पुढचे चित्र काढतो. येथील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. आपल्या तेलंगणातही चेरियालचे रंगीत पट आहेत. लांबच लांब कापडावर चित्रे रंगवून ती उलगडीत कथा गाण्याची ती परंपरा. मुलांचे चित्रपुस्तक हे याच पोथीचे लहान भावंड होय. फरक एवढाच की येथे कथेकरी नसतो. त्याचे काम पान उलटणाऱ्या आईने, आजीने किंवा मोठ्या बहिणीने करावयाचे असते.

कथा बदलल्याने ती बिघडते काय, असे कोणी विचारील. 'लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा' ही युरोपातील कथा वाचकांस ठाऊक असेल. फ्रान्समध्ये शार्ल पेरो याने १६९७ साली ती छापली, तेव्हा तिचा शेवट लांडग्याने मुलीस गिळले येथेच झाला होता. खाली उपदेशाच्या काही पद्यओळी जोडलेल्या होत्या. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात एक शिकारी येतो, लांडग्याचे पोट फाडतो आणि मुलगी व आजी जिवंत बाहेर येतात. पुढे १९८२ साली इंग्लंडमध्ये रोआल्ड डाल याने अशाच सहा कथा खट्याळ यमकांत नव्याने लिहिल्या व क्वेंटिन ब्लेक याने त्यांस चित्रे काढली. त्यात ही मुलगी कोणा शिकाऱ्याची वाट पाहत नाही. ती स्वतःच पिस्तूल काढून लांडग्यास मारते आणि त्याच्या कातड्याचा कोट करून मिरविते! २८५ वर्षांत एका कथेचे तीन शेवट झाले. पहिल्याने मुलीस दोष दिला, दुसऱ्याने तिची दया केली आणि तिसऱ्याने तिला धीट केले. (तिसरा शेवट आमच्या अभिरुचीस थोडा उग्र वाटतो, पण वर्गातील मुली त्यावर टाळ्या वाजवितील यात शंका नाही.) प्रत्येक काळाने जुन्या कथेस आपला एक प्रश्न विचारला, असे आम्ही म्हणू.

यमक कथेस कसे वळण देते याचे अलीकडचे एक सुंदर उदाहरण आहे. वाघाच्या पुढे चालणारा कोल्हा आणि त्याला पाहून पळणारे इतर प्राणी ही चीनमधील फार जुनी कथा. प्राणी घाबरतात ते मागच्या वाघास, पण वाघास वाटते की ते कोल्ह्यासच भितात. ज्युलिया डोनाल्डसन या इंग्रज लेखिकेने या कथेवर यमकांचे चित्रपुस्तक लिहावयास घेतले. परंतु इंग्रजीत वाघाच्या नावाशी जुळणारे सोयीचे शब्द तिला मिळेनात. तेव्हा तिने वाघासच रजा दिली आणि यमकात बसेल असा 'ग्रफलो' नावाचा एक नवाच प्राणी निर्माण केला. कोल्ह्याच्या जागी उंदीर आला. १९९९ साली अ‍ॅक्सेल शेफलर याच्या चित्रांसह ते पुस्तक निघाले आणि जगभर गेले. वाघास यमक सापडले असते तर तो प्राणी जन्मासच आला नसता.

आता मराठीकडे वळू. मराठीत अडचण नेमकी उलट आहे. आपल्याकडे यमक सापडत नाही असे नाही. ते नको तितके सहज सापडते. आपले वाक्य क्रियापदाने संपते आणि आपली क्रियापदे 'ला', 'ली', 'ले' यांत संपतात. त्यामुळे कोणतीही दोन वाक्ये एकाखाली एक लिहिली की यमक झाल्यासारखे दिसते. नमुन्यादाखल आम्हीच रचलेल्या या ओळी पाहा :

ऊन तापले, मेण वितळले,
चिमणीचे घर खाली पडले,
दार मोडले, छप्पर गळले,
चिमणीचे मग डोळे भरले.

मात्रा मोजून पाहा. प्रत्येक ओळ १६ मात्रांची आहे, कोठेही चूक नाही. तरी ओळी निर्जीव आहेत. याचे कारण असे की पुढे काय येणार याची उत्कंठा कानास राहत नाही. 'ले' येणार हे ठरलेले असते आणि त्याप्रमाणे ते येते. शिवाय हे यमक केवळ शेवटच्या अक्षराचे आहे. 'शेण' आणि 'मेण' यांत शेवटचा 'ण' तर जुळतोच, पण त्याआधीचा 'ए'कारही जुळतो. म्हणून ते कानात घंटेसारखे वाजते. 'पडले' आणि 'भरले' यांत तसे काही वाजत नाही. आमचा अनुभव असा की नवशिक्याने एक नियम स्वतःस घालून घ्यावा : जोडीतील दोन्ही ओळी क्रियापदाने संपवावयाच्या नाहीत. एक क्रियापद चालेल, पण त्याचा जोडीदार नाम, विशेषण किंवा अव्यय असावा. तोच प्रसंग या नियमाने असा होतो :

वैशाखाची दुपार झाली,
मेण ठिबकले टपटप खाली;
दार जाहले पार वाकडे,
चिमणी पाही इकडे तिकडे.

'झाली'चा जोडीदार 'खाली', 'वाकडे'चा जोडीदार 'तिकडे'. ओळी काही थोर नव्हेत, पण त्या ऐकताना मूल पुढच्या ओळीकडे कान लावील. मात्रांचा हिशेबही येथेच सांगून टाकतो. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. 'वैशाखाची' या शब्दात चार दीर्घ अक्षरे म्हणजे आठ मात्रा. 'दुपार झाली' यात एक, दोन, एक, दोन, दोन अशा पुन्हा आठ. आठ-आठांची ही चाल आपल्या कवितेत पादाकुलक म्हणून ओळखली जाते आणि लहान मुलांस ती टाळ्यांवर सहज म्हणता येते. वहीत मोजण्यापूर्वी मोठ्याने म्हणून पाहावे. जेथे जीभ अडखळते तेथे मात्रा चुकलेली असते, किंवा बरोबर असूनही शब्द चुकलेला असतो.

कान तयार करण्यासाठी विंदा करंदीकरांच्या बालकविता वाचाव्यात. 'राणीची बाग' (१९६१), 'एटू लोकांचा देश' (१९६३), 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' (१९८१) ही पुस्तके मोठ्यांनीही पुन्हा उघडावीत अशी आहेत. २००३ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचा हा मानकरी कवी मुलांसाठी लिहिताना शब्द हलके वापरी, पण यमक हलके वापरीत नसे.

आता चित्र. पुष्कळ नवशिके लेखक चित्रात जे दिसते तेच ओळीत पुन्हा सांगतात. कावळा काळा आहे, झाड हिरवे आहे, हे मुलास दिसतेच आहे. ओळीने आवाज, बोलणे आणि काळ सांगावा. रंग, जागा आणि चेहरा चित्रावर सोडावा. त्याहूनही चांगले म्हणजे चित्राने ओळीपेक्षा थोडे अधिक सांगावे. वरील कडव्यात चिमणी इकडे-तिकडे पाहत आहे. त्याच पानाच्या कोपऱ्यात, पळसाच्या झाडामागे, कावळ्याच्या सारवलेल्या घराचे छप्पर किंचित दाखवा. चिमणीस ते अजून दिसलेले नाही, पण मुलास दिसले! ते बोट ठेवून ओरडेल. या एका ओरडण्यासाठी चित्रकाराने तास-दोन तास खर्च केले तरी ते वाया गेले असे समजू नये.

पृष्ठांचा हिशेबही असतो. छापखान्यात मोठ्या कागदास तीन घड्या घातल्या म्हणजे १६ पृष्ठांचा फर्मा होतो. म्हणून छापील चित्रपुस्तके बहुधा १६, २४ किंवा ३२ पृष्ठांची असतात. वर्गात करावयाचे असल्यास चार कोरे कागद मध्ये दुमडून शिवले की १६ पृष्ठे होतात. पहिले नावासाठी, शेवटचे मलपृष्ठ. मध्ये समोरासमोरच्या सात जोड्या उरतात. म्हणजे कथेस सात प्रसंग, आणि प्रत्येकी चार ओळी धरल्या तर २८ ओळी. एवढ्यातच सर्व बसवावयाचे. शब्दही थोडे असावेत. अमेरिकेत डॉक्टर स्यूस याने १९५७ साली टोपीवाल्या मांजराची जी प्रसिद्ध गोष्ट लिहिली, तीत वेगवेगळे शब्द अवघे २३६ आहेत. उत्कंठेची ओळ उजव्या पानाच्या शेवटी यावी. दारावर थाप पडली, पान उलटले, मग कोण आले ते कळले. चित्रकथीची पोथी हाताळणाऱ्यास हे रहस्य केव्हाच ठाऊक होते.

आमच्यासारख्या सीमेवरील गावास आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. येथे घरी मराठी, बाजारात तेलुगु, आणि शेजारी गोंडी वा कोलामी असे एकाच वाडीत ऐकू येते. कथा या भाषांमधून मोकळेपणाने हिंडते, यमक मात्र वेशीवर अडते. तेलुगूत कावळा 'काकि' आणि चिमणी 'पिच्चुका'. शेण 'पेड' आणि मेण 'मैनम्'. झाले! आजीच्या कानाने बांधलेले घर येथे कोसळले. शिवाय शाळेत 'सुमती शतक' शिकलेल्या विद्यार्थ्यांस माहीत आहे की त्या कंद पद्यांत जुळवाजुळव ओळीच्या शेवटी नसून प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या अक्षरात असते. म्हणून मराठी पुस्तकाचे तेलुगु करावयाचे तर शब्दास शब्द ठेवून भागणार नाही. त्या भाषेत नवी जोडी शोधावी लागेल, आणि तिच्याबरोबर कदाचित कथाही थोडी सरकेल. दोन्ही भाषा येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा खेळ अवश्य करून पाहावा. पुण्या-मुंबईच्या मुलांस तो खेळता येणार नाही.

दूरच्या गावी मराठी पुस्तके होत नाहीत असेही समजू नये. मराठीत मुलांसाठी छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक, इसापाच्या गोष्टींचे 'बालबोध मुक्तावलि', १८०६ साली तंजावरास सरफोजीराजांच्या छापखान्यात निघाले. म्हणजे भर तामिळ मुलखात. आणि आपल्याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाई येथे १९४३ साली हायमेनडॉर्फ या अभ्यासकाच्या प्रेरणेने गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र निघाले, तेव्हा मुलांसाठी गोंडी भाषेतील वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. मुलाने प्रथम वाचावयाचे ते त्याच्या घरच्या बोलीत असावे, एवढा साधा विचार त्यामागे होता. आज आमच्या गावांतील धाकट्या भावंडांच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज मराठी चित्रपुस्तक क्वचितच पडते. ते बाहेरून येण्याची वाट पाहण्यापेक्षा चार कागद आणि सुई-दोरा घेणे बरे.

आता पुन्हा चिमणीकडे. ही कथा नव्याने सांगितली जावी असे आम्हांस वाटण्याचे एक खरे कारण आहे. जुन्या कथेत चिमणी नीटनेटकी, शहाणी; कावळा आळशी आणि गबाळा. त्याचे घर शेणाचे, म्हणून ते वाहून गेले, आणि भर पावसात तो दारी आला तर त्यास बाहेर उभा केला तरी चालते, असा तिचा रोख आहे. तीन-चार वर्षांच्या मुलास आपण ही कथा हसतहसत सांगतो. परंतु आपल्यापैकी कितीजणांचे आजोळ शेणाने सारवलेल्या घरात आहे? त्या भिंतींत काय कमी होते? कावळ्याच्या घरास नावे ठेवताना आपण आपल्याच आजीच्या अंगणास नावे ठेवतो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

यमकानेच या कथेत एक फट ठेवली आहे. पावसाळ्यात शेण वाहून जाते हे खरे. पण मेणाचे उन्हाळ्यात काय होते, हे आजीने कधी सांगितलेच नाही. आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. अशा दुपारी मेणाचे घर किती वेळ टिकेल? आणि त्याच दुपारी, नव्याने लिंपलेले कावळ्याचे घर आत कसे थंडगार असेल? जुन्या कथेचा एकही शब्द खोटा न ठरविता तिचा दुसरा ऋतू सांगता येतो. सात प्रसंगांपैकी पहिले दोन पावसाचे, मग हिवाळा एका चित्रात, आणि पुढचे चार वैशाखाचे.

सहाव्या जोडीवर चिमणी पिलांना घेऊन कावळ्याच्या दारी येते :

ठकठक ठकठक! कोण दुपारी?
'काऊदादा, चटका भारी!'

येथे उजवे पान संपते. कावळा काय म्हणतो? चिमणीने पावसात ज्या सबबी सांगितल्या त्याच तो उलट सांगील, तर मुले खदखदून हसतील, पण मग कथा सूडाची होईल. तो एका क्षणात दार उघडील, तर मोठ्यांस बरे वाटेल; मुलांचा मात्र विश्वास बसणार नाही, कारण पावसातली ती रात्र त्यांच्या लक्षात असते. आम्हांस असे वाटते की कावळा पहिली सबब तोंडात घेतो आणि मग त्याची नजर चिमणीच्या पंखाखालच्या पिलांकडे जाते. परंतु हे चित्रात दाखवावे की ओळीत सांगावे, याविषयी आमच्यातच मतभेद आहेत, आणि सातव्या जोडीचे कडवे आम्ही अद्याप लिहिलेले नाही. ज्या विद्यार्थ्यांस ते लिहावयाचे असेल त्यांनी एवढेच पाहावे की ओळी १६ मात्रांच्या असाव्यात, कावळ्याचे उत्तर त्याच्याच तोंडून यावे, आणि शेवटी 'दार उघडले' व 'पाणी दिधले' अशी जोडी जुळवू नये.